दर पावसाळ्यात गळणारी नवी खिडकी: सिलिकॉनच्या आधी काय बघायचं

घर नवं, रंगाचा वास अजून पुरता गेलेला नाही, आणि पहिल्याच जोरदार पावसात हॉलच्या खिडकीखाली पाण्याचं थारोळं. खिडकी बनवून बसवणाऱ्या फॅब्रिकेटरला फोन जातो. तो येतो, सिलिकॉनची नळी रिकामी करतो, उरलेला पावसाळा बरा जातो. पुढच्या वर्षी मृग लागला की पुन्हा तेच. सोलापुरात जुळे सोलापूर, विजापूर रोड, शेळगी, बाळे, केगाव, जिथं जिथं नवी रो-हाउस आणि अपार्टमेंट उठली तिथं ही तक्रार ठरलेली: "दरवर्षी सिलिकॉन माराल्यात, तरी गळालंय."

सिलिकॉन वाईट नाही. पण दुखणं कुठलं हे ठरण्याआधीच ते फासलं जातं, आणि कित्येक घरांत त्या सिलिकॉननंच गळती वाढलेली असते.

सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडकीबद्दल एक गोष्ट आधी समजून घ्यावी लागते. शटर, म्हणजे काचेचं पान, सरकायचं तर फट हवीच. त्या फटीत जी केसाळ पट्टी असते, वूलपाइल, ती धूळ आणि वारा बराचसा अडवते. पाणी अडवणं तिचं काम नाही. काचेवरून ओघळलेलं पाणी खालच्या ट्रॅकमध्ये उतरणार हे धरूनच ट्रॅकला बाहेरच्या अंगानं भोकं ठेवतात. पाणी त्यांतून निघून गेलं की खिडकी ठीक चालली आहे असं समजायचं. भोकं पाडलीच नाहीत, धुळीनं बुजली किंवा कोणी बुजवली, की ट्रॅक काठोकाठ भरतो आणि पाणी खोलीत उतरतं. म्हणून पहिला प्रश्न "पाणी कुठून येतंय" हा नसून "आलेलं पाणी कुठून जातंय" हा आहे.

तांब्याभर पाण्याची परीक्षा

पाऊस नसताना, खिडकी बंद करून, आतून ट्रॅकच्या सगळ्यांत आतल्या खोबणीत तांब्याभर पाणी हळूहळू ओता. घरातल्या कोणालातरी बाहेर उभं करा. तीनपैकी एक गोष्ट होईल.

पाणी लगेच बाहेर वाहू लागलं आणि मिनिटभरात ट्रॅक रिकामा झाला, तर निचरा ठीक आहे. दोष दुसरीकडे शोधायचा.

पाणी ट्रॅकमध्येच साचून राहिलं, तर निचऱ्याची वाट बंद आहे. इथं बारकाईनं बघा. तीन ट्रॅकच्या खिडकीत, म्हणजे दोन काचा आणि एक मच्छरजाळी, पाण्याला दोन मधल्या भिंती ओलांडून बाहेर जायचं असतं. पुष्कळदा फॅब्रिकेटर फक्त सगळ्यांत बाहेरच्या भिंतीला भोकं पाडतो. आतल्या खोबणीतलं पाणी मग कोंडलेलंच राहतं. बाहेरून भोकं दिसतात, म्हणून कोणाला शंकाही येत नाही.

तिसरी शक्यता सगळ्यांत वाईट. पाणी ट्रॅकमधून नाहीसं होतं, पण बाहेर एक थेंब दिसत नाही. म्हणजे ते भिंतीत चाललंय. चौकट बसवताना ट्रॅकच्या तळातून स्क्रू मारलेले असतात. त्या स्क्रूच्या भोकांतून, नाहीतर चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांतल्या सांध्यांतून पाणी सिलच्या, म्हणजे खिडकीखालच्या आडव्या दगडाच्या, ग्रॅनाइटखाली शिरतं. सिलच्या खाली फूटभर अंतरावर रंगाचे पोपडे सुटणं, पुट्टी फुगणं ही त्याची खूण. लोक भिंतीला वॉटरप्रूफ रंग देतात. रंग पुन्हा फुगतो.

या शेवटच्या दोषाची दुरुस्ती स्वस्त आहे. शटर उतरवा, ट्रॅक कोरडा करा, प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर आणि दोन्ही खालच्या कोपऱ्यांत आतून सिलंट भरा, एक दिवस वाळू द्या आणि परीक्षा पुन्हा करा. सिलिकॉनची नळी खरी उपयोगाची ती इथं.

भोकं: माप आणि जागा

चार-पाच मिलिमीटरचं गोल भोक दिसायला पुरेसं वाटतं, पण पाण्याचा पृष्ठताण एवढ्या भोकाला थेंबाचं बूच लावतो. गोल भोक निदान 8 मिलिमीटरचं हवं. त्याहून बरी 5 मिलिमीटर उंच आणि 25 ते 30 मिलिमीटर लांब अशी आडवी खाच. दर दोन फुटांवर एक, आणि दोन्ही टोकांजवळ एकेक. खाच खोबणीच्या अगदी तळाला लागून असावी. मधल्या भिंतींतल्या खाचा आणि बाहेरच्या खाचा एका रेषेत ठेवू नयेत, नाहीतर वारा सरळ आत शिट्टी वाजवत येतो आणि सोबत पाणी आणतो. बाहेरच्या खाचेवर प्लॅस्टिकची झडपवजा टोपी मिळते. पश्चिमेच्या खिडकीला ती जरूर लावा.

भोकं पाडायला सांगताना एक नजर ड्रिलवर ठेवा. घाईतला पोरगा ट्रॅकच्या तळातून खाली भोक पाडून मोकळा होतो, आणि सगळं पाणी सिलखाली सोडतो.

आणखी एक दोष नव्या घरांत हमखास सापडतो: चौकट आधी बसते, सिलचा दगड किंवा टाइल नंतर. गवंडी टाइल चौकटीला भिडवून, वर सिमेंटची सफाईदार कड ओढून देतो. ती कड नेमकी भोकांच्या तोंडावर येते. काम सुबक दिसतं, म्हणून कोणी बोलत नाही. तिथं ग्राइंडरनं कड छाटून भोकं उघडी करण्याला पर्याय नाही.

आता सोलापूरची खास अडचण. चैत्र-वैशाखात इथली धूळ बंद खिडकीच्याही ट्रॅकमध्ये बोटभर साचते, आणि भोवती प्लॉट मोकळे असले तर त्यात काळी माती भरपूर. वळवाच्या पहिल्या सरीत तिचा चिखल होतो, दुसऱ्या दिवशीच्या उन्हात तो कडक वाळतो, आणि मृगाच्या आधीच भोकं बंद. म्हणून साफसफाई मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. आधी कोरड्या ब्रशनं आणि व्हॅक्यूमनं धूळ काढा, मग तारेनं भोकं मोकळी करा, पाणी सगळ्यांत शेवटी. आधीच पाणी ओतलं तर सगळी धूळ भोकांतच जाऊन बसते.

रिपरिप पावसात नाही, झोडप्यातच का गळतं

दिवसभर भुरभुर पडली तर काही होत नाही, आणि संध्याकाळच्या अर्ध्या तासाच्या वादळी पावसात हॉल भिजतो. याचा हिशेब सोपा आहे. ताशी 36 किलोमीटरचा वारा काचेवर साधारण 60 पास्कल दाब देतो. एवढा दाब ट्रॅकमधलं पाणी 6 मिलिमीटर उचलून धरतो. वारा ताशी 54 झाला की 135 पास्कल, म्हणजे 14 मिलिमीटरच्या आसपास. 72 झाला की 24 मिलिमीटर. वेग दुप्पट, तर पाणी चौपट उंच. ट्रॅकची खोलीकडची भिंत 12-15 मिलिमीटरची असेल, तर मोठ्या झोताला पाणी तिच्यावरून आत येणारच, मग भोकं कितीही मोकळी असोत.

म्हणून खिडकी घेताना काचेची जाडी आणि अ‍ॅल्युमिनियमचा रंग विचारून झाल्यावर आतल्या भिंतीची उंचीही पट्टीनं मोजा. बसून गेलेल्या खिडकीला आतल्या बाजूनं अ‍ॅल्युमिनियमची एल-पट्टी सिलंटवर बसवून ती उंची वाढवता येते. दिसायला फार देखणं नाही, पण चालतं. त्याआधी चौकट उलटी बसलेली नाही ना, हे पाहा. चौकटीच्या बहुतेक सेक्शनमध्ये, म्हणजे तयार पट्ट्यांत, एक बाजू उंच असते आणि ती खोलीकडे यायला हवी. उलटी बसवलेली चौकट काढून पुन्हा बसवावी लागते. ते सिलिकॉनच्या आवाक्यातलं काम नाही.

वाऱ्याची दिशाही लक्षात घ्या. जून ते ऑगस्ट नैर्ऋत्येचा आणि पश्चिमेचा मारा. तेव्हा पूर्वेच्या खिडक्या कोरड्या असतात आणि आपण निर्धास्त राहतो. परतीच्या पावसात बऱ्याचदा चित्र उलटतं. 2020 च्या ऑक्टोबरात काकीनाड्याजवळ किनारा ओलांडून आत आलेल्या कमी दाबाच्या प्रणालीनं 14 तारखेला सोलापूर जिल्हा झोडपून काढला. ती आली पूर्वेकडून. परतीचा पाऊस संपेपर्यंत कुठलीही खिडकी "ही गळत नाही" असं म्हणू नये.

छज्जा हा विषय वेगळा, आणि इथं माझं मत थोडं कडवट आहे. गावठाणातल्या माळवदाच्या घरांत भिंती हात-दीड हात जाड, खिडकी लहान आणि भिंतीच्या जाडीत आत सरकलेली. पाऊस चौकटीपर्यंत पोचायचाच नाही. आता एलेव्हेशन, म्हणजे घराचा दर्शनी भाग, सपाट हवं म्हणून छज्जा गायब आणि खिडकी भिंतीच्या बाहेरच्या कडेला. सोलापूर कमी पावसाचं, इथं काय होतंय, असं म्हणून नकाशे पास होतात. पाऊस वर्षभरात कमी असला तरी पडतो तेव्हा तिरपा आणि एकदम पडतो. 45 अंशांतल्या पावसात दीड फुटाचा छज्जा खिडकीचा वरचा फक्त दीड फूट वाचवतो; चार फुटी खिडकीचा उरलेला अडीच फूट भिजतोच. तोही छज्जा नसेल तर सगळं ओझं त्या अर्ध्या इंचाच्या ट्रॅकवर.

सिल

सिलवर काचेची गोटी ठेवा. ती बाहेरच्या बाजूला घरंगळली पाहिजे. सहा इंची सिलला निदान अर्धा इंच उतार हवा. दगड गिलाव्याच्या बाहेर इंच-दीड इंच आलेला असावा, आणि त्याच्या पोटाशी कडेलगत एक खाच मारलेली असावी. ही खाच नसली तर पाणी दगडाच्या खालून मागे सरकत भिंतीला लागतं, आणि खिडकीखाली काळे ओघळ उठतात. बसवलेल्या दगडालाही ग्राइंडरनं खाच मारता येते. दगड बाहेर आलेलाच नसेल तर अ‍ॅल्युमिनियमची वाकवलेली पट्टी चिकटवून काम भागतं.

आता सिलिकॉन

चौकट आणि भिंत यांच्यामधली फट ही त्याची दुसरी हक्काची जागा. अ‍ॅल्युमिनियम तापलं की वाढतं. पौषातल्या पहाटेचे 13-14 अंश आणि मे महिन्यात पश्चिमेच्या उन्हात चटका देणारी चौकट, यांत 50 अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यानं सहा फुटी चौकट 2 मिलिमीटरहून जास्त लांब-आखूड होते. भिंत तिच्या निम्म्यानंही हलत नाही. प्लॅस्टिकच्या खिडक्यांचं यूपीव्हीसी तर अ‍ॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट वाढतं. अशा फटीत पांढरं सिमेंट किंवा पुट्टी भरली तर एका उन्हाळ्यात केसाएवढी चीर पडणार, आणि केसाएवढी चीर पाणी ओढून घेते.

योग्य पद्धत अशी. जुनं सिलंट, पुट्टी, धूळ सगळं कटरनं खरवडून काढा. जुन्या सिलिकॉनवर नवं धड चिकटत नाही. दरवर्षीचा थर दरवर्षी सुटतो तो यामुळेच. फटीत फोमची गोल दोरी, बॅकर रॉड, दाबून बसवा, म्हणजे सिलंट फक्त दोन्ही कडांना धरेल आणि मागच्या भिंतीला चिकटणार नाही. तरच ते रबरासारखं ताणलं जातं. फटीची रुंदी 10 मिलिमीटर असेल तर सिलंटची खोली 5-6 पुरे. फट मुळातच नसेल, गिलावा चौकटीला चिकटलेला असेल, तर वरून ओढलेली बारीक रेघ टिकत नाही. आधी ग्राइंडरनं खोबण काढावी लागते.

नळी उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ते सिलिकॉन काचेसाठी आणि बेसिनसाठी ठीक, सिमेंटच्या भिंतीला नको. त्यातलं आम्ल सिमेंटशी झगडतं आणि पकड सुटते. न्यूट्रल सिलिकॉन मागा. वरून रंग द्यायचा असेल तर पॉलियुरेथेन किंवा रंग धरणारं हायब्रिड सिलंट. साध्या सिलिकॉनवर रंग टिकत नाही. काम मे महिन्यात भर दुपारी करू नये, कारण तेव्हा चौकट फुगलेली आणि फट सगळ्यांत अरुंद असते. फेब्रुवारी-मार्चची सकाळ बरी. आणि खालच्या ओळीत नळी फिरवताना भोकांवरून सरळ जायचं नाही, हे कारागिराच्या शेजारी उभं राहून सांगावं लागतं.

खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघालेली, उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटणारी चीर मात्र खिडकीची नसते. काळी माती वाळली की आकसते, भिजली की फुगते, आणि पाया त्याबरोबर हलतो. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख लिहा. दोन ऋतूंत ती पुढे सरकली तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तोवर घराभोवती अडीच-तीन फुटांची, बाहेर उतार असलेली कोब्याची पट्टी करून पावसाचं आणि बागेचं पाणी पायापासून दूर ठेवा.

पाऊसच नाही, तरी ओल

उन्हाळ्यात सिल ओलं दिसलं तर आधी कूलर बघा. खिडकीत बसवलेल्या कूलरच्या पॅडमधून किंवा पंपाच्या नळीतून ठिबकणारं पाणी चौकटीच्या मागून भिंतीत उतरतं. बोअरचं पाणी क्षारांचं असलं तर त्याची पांढरी कड सिलवर उमटते. पावसाच्या पाण्याची कड एवढी पांढरी, एवढी जाड पडत नाही. कूलर चालू असताना समोरची खिडकी वीतभर उघडी ठेवायची असते. सगळं बंद करून कूलर लावला तर गारवा येत नाही, दमटपणा मात्र साचतो, आणि कपाटामागे बुरशी धरते.

नव्या घराची स्वतःचीही ओल असते. स्लॅब, वीट, गिलावा यांना आठवडेच्या आठवडे पाणी मारलेलं असतं आणि ते बाहेर पडायला एखादं वर्ष लागतं. त्यात पुट्टी आणि प्लॅस्टिक रंग घाईनं चढवला की ते पाणी आतच कोंडतं. भर माणसांची आणि स्वयंपाकाची. एक किलो एलपीजी जळताना दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ तयार होते; 14.2 किलोचा सिलिंडर संपेपर्यंत स्वयंपाकघराच्या हवेत 22 लिटरच्या आसपास पाणी सुटलेलं असतं, भात-डाळीची वाफ वेगळी. डासांच्या भीतीनं खिडक्या दिवसभर बंद राहिल्या तर हे सगळं गार भिंतीवर आणि काचेवर जमतं.

पाणी भिंतीतून येतंय की हवेतून, हे ओळखायला स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल पुरते. ओलसर जागेवर दीड फुटाचा चौकोन चारी कडांना चिकटपट्टी लावून बसवा आणि दोन दिवस ठेवा. फॉइलच्या खोलीकडच्या बाजूला दमट थर आला तर दोष हवा खेळत नसण्याचा. मागची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतून येतंय, आणि मग वर सांगितलेली शोधाशोध करायची.

हवा खेळवायला एक खिडकी उघडून फार काही होत नाही. आत येणारी आणि बाहेर जाणारी अशा दोन वाटा लागतात. सकाळी समोरासमोरच्या खिडक्या अर्धा तास उघडा. आपल्याकडे वर्षातले बरेच महिने हवा कोरडी असते, तेवढ्यात काम होतं. जाळीचं शटर त्यासाठीच घेतलेलं असतं, फक्त जाळी धुवायची आठवण ठेवावी. धुळीनं भरलेली जाळी निम्मी हवा अडवते. बाथरूमच्या दाराखाली बोटभर फट नसेल तर एक्झॉस्ट फॅन नुसता गरगरतो. त्याला हवा मिळायला वाटच नसते.

हेच उलट्या बाजूनं स्वयंपाकघरात घडतं. दार-खिडक्या घट्ट बंद आणि चिमणी जोरात, तर चिमणी हवा जिथून मिळेल तिथून खेचते: खिडकीच्या निचऱ्याच्या भोकांतूनही. पावसात ट्रॅकमध्ये बुडबुडे दिसले आणि चिमणी बंद करताच ते थांबले, तर खिडकी दुरुस्त करू नका. चिमणी चालू असताना दुसऱ्या खोलीकडचं दार उघडं ठेवा.

बिल्डरकडे कधी जायचं

घर रेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांच्या सरकारी नियामकाकडे, नोंदलेल्या प्रकल्पातलं असेल, तर 2016 च्या कायद्याच्या कलम 14 नुसार ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांत लेखी कळवलेला बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष बिल्डरनं 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. झाकलेली भोकं, उलटी चौकट, आत उतार असलेलं सिल हे सगळं कामाच्या दर्जात मांडता येतं. स्वतःच्या प्लॉटवर ठेकेदाराकडून बांधून घेतलं असेल तर हा आधार नाही. तिथं शेवटचा हप्ता देण्याआधी तांब्याभर पाणी ओतून बघणं शहाणपणाचं. बिल्डरला "खिडकी गळते" एवढंच कळवलं तर तो सिलिकॉनवाला पाठवतो. म्हणून गळती चालू असतानाचा व्हिडिओ घ्या, पाणी ट्रॅकमध्ये साचलेलं आणि बाहेरची भोकं कोरडी दोन्ही एकाच चित्रणात येऊ द्या, मागणी "निचऱ्याची दुरुस्ती" अशी लिहा, आणि ईमेलसोबत स्पीड पोस्टानं पत्रही पाठवा.